कोकिळाबाईंच्या ओटीपोटातली पट्टी

मी एक जाळीची पट्टी आहे. अजून जुनी नाही, पण इथून कधी सुटणारही नाही.

मित्रांनो, माझी रुंदी तुमच्या करंगळीएवढी. कारखान्यात बारीक धाग्यांतून मला विणलं आणि पाकिटात बंद केलं. पाकीट फुटलं ते माणगावच्या एका दवाखान्यात. प्रकाश दिसला, पण क्षणभरच. लगेच कोकिळाबाईंच्या ओटीपोटात, लघवीच्या वाटेखाली, मला झोळीसारखं बसवलं. आता माझ्या भोकाभोकांतून त्यांचं मांस वाढलं आहे. हलायची सोय नाही.

बाई खोकल्या, शिंकल्या, हसल्या, किंवा त्यांनी भाताचा भारा उचलला, की पोटाचा दाब खाली येतो. तेव्हा ती वाट आवळून धरायची, हे माझं काम. पूर्वी अशा वेळी त्यांची साडी भिजायची. हसताना त्या मध्येच गप्प होत, पाय आवळत आणि उठून जात. वाडीतल्या बायका म्हणत, कोकिळा मोठी शिष्ट.

आता माझ्या कौतुकाचा दिवस.

तपासणी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "खोका."

खोकल्या.

"परत. जोरात."

काहीच सांडलं नाही. "छान! शस्त्रक्रिया यशस्वी."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. माझ्यावर भार नव्हताच! बोर्ली पंचतनहून एसटीने यायचं म्हणून बाईंनी पहाटेपासून पाणी तोंडाला लावलं नव्हतं. वर डॉक्टरांसमोर स्वच्छ जावं म्हणून आत शिरण्याआधी पुन्हा मोकळ्या होऊन आल्या. रिकामी कळशी कलती करून कोण म्हणेल, गळत नाही?

घरी तेच. भिजायच्या धास्तीने साडीखाली घडीचं फडकं तसंच, पाणी घोटभर, हसणं ओठांपुरतं. मी आत अडकलेली, त्या बाहेर.

(आत्मकथनात इथे माझी कामाची वर्षं यायला हवीत. पण आत नुसता अंधार आहे. पुढे जाऊ.)

पुढच्या तपासणीला धाकटी जाऊ केसर सोबत आली. डॉक्टरबाई "खोका" म्हणणार, एवढ्यात ती बोलली, "बाई, वयनी सकाळपासून पान्याला शिवली न्हाय."

"केसर!"

"काय केसर? खोटं हाय का?"

डॉक्टरबाई कोकिळाबाईंकडे वळल्या. "अहो, मग मागच्या वेळी मी तपासलं काय?" त्यांनी पाणी पाजलं, बराच वेळ बसवून ठेवलं. मग पुन्हा खोकायला लावलं. बाई घाबरत घाबरत खोकल्या.

"ह्यो खोकला?" केसर म्हणाली. "भावोजी खोकले की वाडीतली कुत्री भुंकतात. तुझ्या खोकल्यानं मांजर कान हलवायचं न्हाय!"

कोकिळाबाईंना हसू फुटलं. फुटलं ते फुटलंच. सगळा भार माझ्यावर आला. मी जीव खाऊन धरून ठेवलं. तरी एक थेंब निसटला. त्यांना कळलं. मला वाटलं, संपलं, आता गप्प होतील.

त्या हसतच राहिल्या, पदराने डोळे पुसत.

"गेलं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गेलं वाईच."

"मग यश म्हणायचं की नाही?"

"त्ये तुमचं तुमी ठरवा. मी हसताना मधीच थांबले न्हाय, तेवढं धरा."

मित्रांनो, मी इथेच राहणार आहे, बाईंच्या शेवटापर्यंत. मागणं एवढंच: तुमच्या घरातली आई, मावशी, आजी कधी चारचौघांतून अवघडून उठून गेली, तर चेष्टा करू नका. तिच्यामागे जा. काय होतंय ते विचारा, आणि ती सांगेपर्यंत तिथेच थांबा.