नामदेवरावांनी सांगितलेला शेवट

मित्रांनो, हैदराबादच्या तारनाक्याला एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात टीव्हीखालच्या फळीवर बसलेला म्हातारा डीव्हीडी प्लेअर तुमच्याशी बोलतो आहे. तुमच्यातल्या धाकट्यांनी मला कदाचित पाहिलंही नसेल. चपटा, काळा डबा. बटण दाबलं की पुढून जीभ बाहेर येते. तिच्यावर चकती ठेवायची, मी ती पोटात घेतो आणि तिच्यातला सिनेमा टीव्हीवर दाखवतो. एवढीच माझी विद्या. पण या विद्येनं मला जे पाहायला मिळालं, त्याबद्दल मी फार ऋणी आहे, आणि तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती थर्माकोलच्या करकरीची आणि सुलतान बाजारातल्या एका दुकानाच्या झगमगाटाची. रेल्वेच्या कारखान्यात काम करणारे नामदेवराव त्या दिवशी बायको सत्यवतीबाई आणि मुलगा विकास यांना घेऊन आले होते. विकास दहावी पास झाला होता, त्याचं हे बक्षीस. नामदेवराव गप्प उभे राहिले, घासाघीस सत्यवतीबाईंनी केली. "भय्या, वाजिबी बोलो. हम क्या नवे हैं इधर?" असं त्या दुकानदाराला म्हणाल्या आणि मला मांडीवर घेऊन बसनं घरी आल्या.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. दर रविवारी शेजारपाजारची मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसायची. तेलुगू मारामारीचे सिनेमे, हिंदी रडके सिनेमे, नांदेडहून पाहुण्यांनी आणलेले मराठी सिनेमे, सगळे मी दाखवले. सिनेमा संपला की सगळे नामदेवरावांकडे बघायचे आणि ते ठरलेलं एकच वाक्य बोलायचे, "ठीक हाय. उगी लांबवलंय." कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मूळचे उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांच्या वडिलांनीही कधी कुणाचं कौतुक केलं नव्हतं. नामदेवरावही ताटावर बसले की मीठ कमी आहे की जास्त, एवढंच सांगायचे. बरोबर असलं की गप्प जेवायचे. ते गप्प जेवणंच पसंतीची पावती, हे सत्यवतीबाईंनी मनाशी धरून ठेवलं होतं.

पुढे विकास इंजिनियर झाला. सिनेमे फोनवर आले. माझ्यावर आधी क्रोशाचा रुमाल आला, मग रुमालावर औषधांचे डबे आले. विकासचं लग्न पुण्याच्या अपर्णाशी झालं, रसिका जन्मली, पण मला कुणी चालू केलं नाही. मी तक्रार करत नाही. ज्या घरात मला अडगळीत टाकलं नाही, तिथे राग कशाचा धरायचा?

अपर्णा कामसू मुलगी, दिवसभर लॅपटॉपवर. नामदेवराव तिला "अपर्णाबाई, तुम्ही" म्हणायचे. ती त्यांना "बाबा" म्हणायची. यापलीकडे दोघांत फारसं बोलणं नव्हतं. काही लागलं तर दोघंही सत्यवतीबाईंकडून निरोप द्यायची. भांडण नव्हतं हो, पण जवळीकही नव्हती.

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी सगळी दारं बंद झाली. विकास कामासाठी जर्मनीला गेला होता, तो तिकडेच अडकला. एके दुपारी सत्यवतीबाईंनी डाळ वाढली. नामदेवरावांनी एक घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं.

"मीठच नाय ह्यात. ध्यान कुठं हाय तुझं?"

सत्यवतीबाई ताट उचलून आत गेल्या. संध्याकाळी त्यांना ताप भरला. तपासणी झाली आणि तेव्हा कळलं, की कित्येक दिवस त्यांच्या जिभेला चवच नव्हती. डाळ अळणी आहे की खारट, हे त्यांना समजणारच कसं? दुसऱ्या दिवशी अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. जाताना त्या दारातून वळून बघत होत्या, पण नामदेवरावांना जवळ जायला मनाई होती. घराच्या दारावर कागद चिकटवला गेला. या घरातल्यांनी बाहेर पडायचं नाही, बाहेरच्यांनी आत यायचं नाही.

त्या दिवसापासून नामदेवराव खुर्चीत बसून राहिले. अपर्णा ताट आणायची, ते दोन घास खाऊन हात धुवायचे. "बस झालं, अपर्णाबाई." खालच्या मजल्यावरच्या शाहीनआपा दाराबाहेर दूध आणि भाजी ठेवून हाक मारायच्या, "भाई, खाना खाव! भाभी आएंगे तो हमको डांटेंगे!" तरी उपयोग नाही. विकास रोज फोन करायचा, तर "हौ, हौ" एवढंच.

अपर्णा एका बाजूनं ऑफिस, दुसऱ्या बाजूनं रसिकाची शाळा सांभाळत होती. घरातलं इंटरनेट त्या दोघींनाच पुरत नव्हतं. सासऱ्यांना एकटं खुर्चीत सोडवत नव्हतं, आणि काय बोलावं तेही सुचत नव्हतं. शेवटी एका दुपारी तिनं औषधांचे डबे उचलले, रुमाल झटकला आणि माझी वायर लावली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी अंगात वीज खेळली तेव्हा मला काय वाटलं, ते मी सांगू शकत नाही. मी आधी खोकल्यासारखा आवाज केला आणि मग चालू झालो.

"बाबा, मला यातलं काही माहीत नाही. कुठला लावू?" तिनं चकत्यांची पेटी पुढे केली.

"कोणता बी लावा." तिनं वरचीच चकती उचलली तसे म्हणाले, "तो नक्को. त्याच्यात सगळे मरतेत."

पहिला सिनेमा संपल्यावर सात वर्षांची रसिका उभी राहिली. तिच्या ऑनलाइन शाळेत बाई प्रत्येक चित्राला पाचपैकी स्टार द्यायच्या. तोच नियम तिनं घरात आणला.

"आजोबा, पाचपैकी किती? बोटं दाखवायची. पण आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मगच बोटं."

"चांगली गोष्ट काय सांगायची? उगी लांबवलंय."

"ती वाईट गोष्ट झाली."

नामदेवराव बराच विचार करून म्हणाले, "त्यातला बैल चांगला होता." आणि दोन बोटं दाखवली. अपर्णा खो खो हसली. पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं होतं.

मग रोज दुपारी एक सिनेमा ठरला. रसिकाचे गुण एकतर शून्य नाहीतर पाच. अपर्णा साडेतीन द्यायची आणि अर्धं बोट दुमडून दाखवायची. नामदेवरावांची गाडी दोनवरून तीनवर यायला तयार नव्हती, पण चांगली गोष्ट सांगावीच लागायची. म्हातारा बाप बरा होता. नदीवरचं गाणं कानाला गोड लागलं. असं करत करत त्यांच्या तोंडाला कौतुकाचं वळण पडू लागलं. वाद घालताना ते कधी "अगं पोरी, तुला काय कळतंय त्यातलं" म्हणायला लागले, ते त्यांनाही कळलं नाही. अपर्णाला मात्र कळलं. त्या दिवशी तिनं चहात साखर दोनदा घातली.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन यायचा. तिथली एक सिस्टर भली होती. ती सत्यवतीबाईंसमोर फोन धरायची, म्हणजे चेहरा दिसायचा. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायला बंदी. नामदेवराव पडद्याकडे बघून "बरी हायस का?" विचारायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारायचे. मग अपर्णाच म्हणाली, "बाबा, आज पाहिलेला सिनेमा सांगा ना आईंना."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. मित्रांनो, हा माणूस इतकं छान सांगू शकतो, हे मलाही ठाऊक नव्हतं. खलनायकाचा आवाज काढायचे, घोड्याच्या टापा खुर्चीच्या हातावर वाजवायचे. सत्यवतीबाई डोळ्यांनी हसायच्या आणि शेवटी बोटं वर करायच्या. चार. कधी तीन. पलीकडच्या खाटेवर एक तेलुगू आजी होत्या. नामदेवराव जरा थांबले की तिकडून आवाज यायचा, "तरवाता?" म्हणजे पुढे काय? मग नामदेवराव त्यांच्यासाठी अधूनमधून तेलुगूतही सांगू लागले.

पण एका संध्याकाळी सत्यवतीबाईंनी बोटं उचललीच नाहीत. हात चादरीवर तसाच पडून होता. सिस्टर म्हणाली, आज त्रास जास्त आहे, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतः पेटीतून एक चकती काढली. जुनी, फारशी कुणाला माहीत नसलेली. "ही लाव. रसिकाच्या आजीनं आणलेली हाय, मी कधी पुरी बगितली नाय."

एका तापट माणसाची ती गोष्ट होती. बायकोला टाकून बोलतो, ती मुकाट्यानं भावाच्या घरी निघून जाते. घर ओकंबोकं होतं. शेवटी तो तिच्या दारात जाऊन उभा राहतो, कडी वाजवतो, आणि...

आणि मी अडकलो.

मित्रांनो, माझ्या आतलं भिंग म्हातारं झालं होतं. पडद्यावर चौकोन चौकोन आले, आवाज तुटला. अपर्णानं चकती मऊ फडक्यानं पुसली, पुन्हा घातली. मी सारा जीव एकवटला, पण दाराच्या पुढे मला जाता आलं नाही. इंटरनेटवर तो सिनेमा सापडेना. दुकानं बंद. रसिका रडकुंडीला आली. मला कधी इतकी लाज वाटली नव्हती. आणि तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला.

सत्यवतीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे उघडे होते. नामदेवरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि सिनेमा सांगायला लागले. सांगता सांगता दारापाशी आले आणि थांबले.

"तरवाता?" पलीकडून आजी म्हणाल्या.

नामदेवरावांनी अपर्णाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश बोलू लागले.

"दार उघडलं. ती समोर उभी. त्यानं मान खाली घातली. म्हनला, मी न्यायला नाय आलो. चल म्हनायचं तोंड मला राहिलं नाय. मी एक सांगायला आलोय. तू आजारी होतीस. तुझ्या जिभेची चव गेलती, अन् मी मीठ नाय म्हनून ताट सरकवलं. इतकी वरसं तुझ्या हातचं खाल्लो, चांगलं झालंय म्हनून एक बार बी बोललो नाय. चांगलं होतं. रोजच लई चांगलं होतं, सत्यवती."

इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"आजोबा," रसिका कुजबुजली, "सिनेमात ती आजारी कधी पडली?" अपर्णानं तिला जवळ ओढून घेतलं. तिचे स्वतःचे डोळे भरले होते.

फोनच्या पडद्यावर सत्यवतीबाईंनी हळूच मास्क बाजूला केला. सिस्टर ओरडली, तरी त्यांनी हातानं थांब म्हटलं.

"अहो, हा सिनेमा मी पाहिलाय. माझ्या बहिणीसंगट, थेटरात." एक लांब श्वास घेतला. "त्यात शेवटी तीच त्याच्या पाया पडती. माफी मागती. मला लई राग आलता." पुन्हा श्वास. "तुमचाच शेवट ठेवा."

पलीकडून तेलुगू आजी म्हणाल्या, "बागुंदी!" छान आहे.

त्या रात्री अपर्णानं ताट आणलं. नामदेवराव सगळं जेवले. हात धुऊन आले आणि घाईघाईनं, शाळेतल्या पोरानं पाठांतर म्हणावं तसं म्हणाले, "पोरी, भाजी चांगली झालीय." अपर्णा "हो बाबा" एवढंच म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सत्यवतीबाईंचा ताप त्यानंतर हळूहळू उतरत गेला. मी काही केलं असं म्हणणार नाही. डॉक्टरांनी औषधं दिली, सिस्टरनं रात्रंदिवस काळजी घेतली, त्यांचे उपकार आहेत. दारावरचा कागद निघाला, आणि एके सकाळी सत्यवतीबाई काठीच्या आधारानं जिना चढून आल्या. तेलुगू आजीही घरी गेल्या, असा फोन आला. त्या दोघी अजून एकमेकींशी बोलतात.

आता विकास परत आला आहे. त्यानं मोठा टीव्ही आणला. माणूस बोलावून माझं भिंग साफ करून घेतलं, तरी मी मधूनच अडकतो. अडकलो की मला कुणी धपाटा मारत नाही, टाकूनही देत नाही. सगळे नामदेवरावांकडे बघतात आणि पुढचं ते सांगतात. कित्येकदा मूळ सिनेमापेक्षा त्यांचं बरं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याच्यावरची धूळ पुसा, वायर नीट गुंडाळून ठेवा, ओल लागू देऊ नका. आम्ही तेवढ्यानं पुष्कळ वर्षं टिकतो. माणसांना एवढ्यानं भागत नाही. आज तुमच्या ताटात जे आलं, ते कुणीतरी रांधलं आहे. आवडलं असेल तर ऐकू जाईल असं सांगा. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू असतो, म्हणून जरा मोठ्यानं सांगा.