न गळणारा गमबूट

मी डाव्या पायाचा एक जुना, काळा गमबूट आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसणाऱ्याला निदान स्वतःबद्दल तरी सगळं ठाऊक असावं. माझं तसं नाही. माझ्या पोटात एका बाईचा पाय खराब झाला आणि तो कसा झाला, याचा विचार करून करून मी पार गोंधळून गेलो.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी गरम होतो. एका कामगाराने मला पाण्यात दाबून पाहिलं आणि तो म्हणाला, "एक थेंब आत जाणार नाही." जन्मल्या जन्मल्या ऐकलेली ही शाबासकी माझ्या डोक्यात पक्की बसली. पाणी अडवायचं, बस्स, याशिवाय दुसरं काम मला ठाऊक नव्हतं.

पुढे मी आणि माझा उजवा जोडीदार एका दूध डेअरीत आलो. दुधाचे कॅन धुणाऱ्या बाईंच्या पायात आमची रवानगी झाली. त्यांना सगळे मावशी म्हणत. नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर त्यांच्याच पगारावर चालायचं. धुण्याच्या खोलीत गरम पाणी, सोडा आणि वाफ. फरशीवर सदा पाणी साचलेलं. बाहेरची हवाही अशी दमट की सकाळी वाळत घातलेलं फडकं संध्याकाळी ओलंच. मावशी शेजारणीला म्हणाल्या, "बूट गुणाचे आहेत हो." मी फुगलो.

पण सुट्टी झाल्यावर त्यांनी पाय बाहेर काढला, तर मोजा पिळण्याइतका ओला. पाणी आलं कुठून? मी उजव्याकडे पाहिलं, तर तो आधीपासूनच माझ्याकडे पाहत होता.

मोजे वाळेनात म्हणून मावशींनी ते घालणंच सोडलं. रात्री आम्हाला दाराशी उभं करून, आत झुरळ जाऊ नये म्हणून आमच्या तोंडात कापडाचे बोळे कोंबायच्या. मला वाटायचं, किती काळजी करतात आपली.

मग त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. कातडी पांढरी पडली, सोलली, चिरली. चिखल्या झाल्या होत्या. त्या लंगडत चालू लागल्या.

"अगं, बूट गळतोय तुझा," नवरा ठामपणे म्हणाला. "पायाला प्लास्टिकची पिशवी बांध आणि मग घाल."

मावशींनी पिशवी बांधली. संध्याकाळी पिशवीतच पाणी. आता मात्र माझी मती गुंग झाली. माझ्यातून चोरून आत गेलेलं पाणी पिशवीतूनही गेलं कसं?

नवरा मला पंक्चरवाल्याकडे घेऊन गेला. त्याने माझं तोंड आवळून मला टबात दाबलं. एक बुडबुडा येईना. वळवून दाबलं, उलटं दाबलं.

"भोक नाहीये यात," तो म्हणाला.

"असेल हो कुठेतरी. बायकोचा पाय सडायला आलाय."

शेवटी नवऱ्याच्या समाधानासाठी त्याने माझ्या टाचेवर एक ठिगळ लावलं. गुन्हा सापडला नाही, पण शिक्षा झाली.

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या मुकादमाने मावशींचे पाय पाहिले. "मावशी, असल्या पायांनी कॅनपाशी यायचं नाही. झाकणं पुसायला बसा. महिन्याभरात बरं झालं नाही, तर मला दुसरी बाई बघावी लागेल. वाईट वाटतं, पण दूध आहे हे."

मावशी झाकणं पुसायला बसल्या. घरी आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात भिरकावलं. मला इतकं अपराधी याआधी कधी वाटलं नव्हतं. दोष कोणता, तेवढंच कळत नव्हतं.

मग त्या मलाच पुरावा म्हणून पिशवीत घालून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी पाय तपासले. मग माझ्या आत हात घातला. आजवर कुणी घातला नव्हता.

"आत ओल आहे," त्या म्हणाल्या.

"गळतोच मेला. भोक तेवढं सापडत नाही."

"सापडणार कसं? नाहीच आहे. बाहेरचं पाणी आत येत नाही, तसा पायाचा घामही बाहेर जात नाही. ओल, ऊब आणि अंधार मिळाला की बुरशी वाढते. पिशवीने तर आणखी कोंडलं."

मी थिजलो. म्हणजे मी ज्याला गुण समजत होतो, त्यानेच घात केला होता.

बाईंनी मलम दिलं आणि बजावलं, "खाज थांबली म्हणून मलम थांबवायचं नाही, मी सांगेन तेव्हाच. पाय धुतल्यावर बेचकी टिपून कोरडी करा. टॉवेल तुमचा वेगळा, नवऱ्याचा वेगळा. सुती मोजे घाला, दुपारी बदला. आणि बुटांचा दुसरा जोड घ्या, एक दिवसाआड वापरा."

तेव्हापासून बोळे गेले. नवरा मोजे धुतो, उन्हात घालतो, उन्हाचा पत्ता नसेल तर इस्त्रीने वाळवतो. मावशी रोज रात्री खाटेवर बसून एकेक बोट टिपतात. मला खुंटीवर उलटं टांगतात. आधी वाटलं, ही शिक्षाच. रिकाम्या पोटातून वारा फिरला आणि पहिल्यांदा जाणवलं की मी आतून सदैव ओला होतो.

महिना भरत आला, तेव्हा मुकादमाने पुन्हा पाय पाहिले. बोटं फाकवायला लावली. बेचकी कोरडी होती, नवी कातडी आली होती. तो म्हणाला, "उद्यापासून कॅनवर या."

मित्रांनो, तुमच्याकडेही हवा दमट असेल, तर बोटांमधली जागा विसरू नका. ओले मोजे पुन्हा घालू नका. आणि खाज लपवत बसू नका. आम्हा बुटांना रोज थोडी मोकळी हवा द्या.

मी अजूनही गोंधळलेलाच आहे. पायाला घट्ट धरून ठेवणं म्हणजेच माया, असं मी समजत होतो. आता दुपारच्या सुट्टीत मावशी मला काढून ठेवतात, बाकावर पाय पसरून बोटं हलवतात आणि डोळे मिटून घेतात. त्यांना इतक्या सुखात मी कधीच पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसा? मी सदा त्यांच्या पायातच होतो.