हलके ते पुढच्या महिन्याचे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, साखरेच्या डब्याला टेकून माझ्यासारखा एखादा तुम्हीही पाहिला असेल. पोटात एक स्प्रिंग, समोर पांढरी तबकडी आणि डोक्यावर पसरट ताटली, एवढाच माझा संसार. मला कधी फारसे बोलावे लागले नाही. काटा फिरून थांबला की माझे बोलणे संपते. आज मात्र मी बोलणार आहे. मी जन्मात कधी न म्हटलेली गोष्ट माझ्या नावावर खपवली गेली, आणि ती सहन करण्याइतके माझे पोट मोठे नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तबकडीवरचे आकडे एका बाईंनी बारीक कुंचल्याने, श्वास रोखून रंगवले. नंतर तपासणीच्या टेबलावर एका जाड चष्म्याच्या कारागिराने माझ्यावर पितळी वजने ठेवून पाहिली. "खोटं बोललास तर परत भट्टीत," असे तो प्रत्येक काट्याला दटावत असे. मी खोटे बोललो नाही. ती शिकवण मी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जपून ठेवली.

माझी उमेदीची वर्षे टपाल कचेरीच्या खिडकीत गेली. परगावी शिकणाऱ्या लेकीसाठी आईने विणलेला स्वेटर, बोटीवर नोकरीला असलेल्या भावाची औषधे, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, सारे माझ्या ताटलीवरून पुढे गेले. "काटा नीट बघा हो," म्हणून लोक कारकुनाशी हुज्जत घालत आणि कारकून मला त्यांच्याकडे वळवून म्हणे, "तुम्हीच बघा." त्या वळण्यात माझा केवढा मान होता! एक गोष्ट मला आजही आठवते. त्या खिडकीशी कधीही कुणी म्हणाले नाही, की हे पत्र हलके आहे म्हणून ते चांगले आहे. वजनावरून किती तिकिटे लावायची ते ठरे. आत काय लिहिले आहे, ते ज्याचे त्याला ठाऊक.

पुढे लाल आकडे दाखवणारे विजेचे यंत्र आले आणि मी कपाटावर चढलो. धूळ खात, पाल अंगावरून जाताना गप्प बसत, मी कितीतरी ऋतू काढले. अखेर जुन्या सामानाच्या विक्रीत एका बाईंनी मला उचलले. त्या घरी केक करून विकत असत. सगळेच त्यांना वहिनी म्हणत. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसले, दोन थेंब तेल दिले आणि ओट्यावर बसवले. मैदा, साखर, लोणी! "हा काटा नसता तर माझा एक केक धड फुगला नसता," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. म्हातारपणी याहून काय हवे होते?

त्या घरात वहिनींच्या यजमानांच्या आत्या राहत. आत्या आयुष्यभर टेलिफोन केंद्रात कामाला होत्या. तारा जोडून द्यायच्या आणि लोकांना बोलू द्यायचे, हे त्यांचे काम. तरुणपणी, दोन कॉलच्या मध्ये सापडेल तेवढ्या फटीत, त्यांनी एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली होती. एका नदीकाठच्या घराण्याची ती गोष्ट. दर पानाला घंटी वाजे. वाचनालयाचे ते पुस्तक अर्धे राहिले आणि परत द्यावे लागले. आता उतारवयात जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती कादंबरी त्यांना पुन्हा भेटली होती.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वहिनींच्या जेवणाच्या टेबलाभोवती वाचकांचे मंडळ जमे. एक वकीलसाहेब, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर, वहिनी आणि आत्या. वाचलेल्या पुस्तकावर बोलणे लवकर उरकायचे. खरी लढाई पुढच्या महिन्याचे पुस्तक निवडताना जुंपायची. जो तो स्वतःचे पुस्तक घेऊन यायचा आणि मताला टाकले की आपल्याच पुस्तकाला हात वर करायचा. चहा निवून जाई, आवाज चढत.

अशाच एका शनिवारी वकीलसाहेब वैतागून म्हणाले, "वहिनी, तो तुमचा काटा आणा बरं इकडे. सगळ्यात हलकं ते पुढच्या महिन्याचं. भांडण खलास!"

सगळे हसले. मलाही वाटले, चेष्टा आहे. म्हाताऱ्याला जरा टेबलावर मिरवू द्या. पण पुढच्या शनिवारी मला पुन्हा आणले गेले, आणि त्याच्या पुढच्याही. चेष्टेचा नियम झाला. मित्रांनो, आपण काय करतो आहोत, हे त्या शिकल्यासवरल्या माणसांच्या ध्यानात आले नसेल का? माझा ठाम समज आहे, की आले होते. पण निवड करायची म्हणजे दुसऱ्याचे पुस्तक उघडून पाहणे आले, आणि तो त्रास आता वाचत होता.

मग सुरू झाली कारागिरी. डॉक्टरीणबाई पुस्तकाचे प्लॅस्टिकचे वेष्टन काढून आणू लागल्या. वकीलसाहेब पुठ्ठ्याऐवजी कागदी बांधणीची आवृत्ती शोधू लागले. पुस्तके महिन्यागणिक रोडावत गेली. आत्या मात्र दर वेळी तीच कादंबरी दोन्ही हातांनी आणत आणि माझ्यावर हलकेच ठेवत. माझा काटा गर्रकन फिरे.

"आत्या, हे पुस्तक आहे की वीट?" वकीलसाहेब म्हणत.

"काय करणार आत्या," डॉक्टरीणबाई हळहळून म्हणत, "काटाच नाही म्हणतोय."

काटा नाही म्हणतोय! माझ्या अंगाची लाहीलाही होई. मी नाही म्हणत नव्हतो. मी होही म्हणत नव्हतो. मी फक्त कागद, शाई आणि सरस यांचे वजन सांगत होतो. नकार त्यांचा होता. तो माझ्या तोंडी घातला जात होता.

आत्यांना त्या कादंबरीची घाई का होती, हे वहिनींखेरीज मला एकट्याला ठाऊक होते, कारण घरातली खरी बोलणी स्वयंपाकघरात होतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते, की नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार; वाचायचे ते आताच वाचून घ्या.

"मी सांगते ना मंडळींना," वहिनी मैदा चाळता चाळता म्हणाल्या. "डोळ्यांचं कळलं तर कोण नाही म्हणेल?"

"खबरदार! कीव म्हणून निवडलेलं पुस्तक मला नको."

"मग एकट्याच वाचा ना. भिंग आहे, खिडकीत ऊन आहे."

"वाचीन की. पण वाचून बोलू कुणाशी? ह्या काट्याशी?" आत्यांनी माझ्या ताटलीवर टिचकी मारली. "अगं, सगळा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात गेला. तार खुपसायची, 'बोला' म्हणायचं आणि आपण गप्प. मध्ये तोंड घालायची सोय नव्हती. आता एकदा तरी मला मध्ये बोलायचंय."

त्या टिचकीचा नाद माझ्यात बराच वेळ घुमत राहिला.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी सगळ्यांना टोमणा म्हणून कपडे धुण्याच्या यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका माझ्यावर ठेवली. काटा जेमतेम हलला.

"हे घ्या! तुमच्या नियमानं हेच आलं की," मास्तर हसत म्हणाले.

"आलंच," वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

"अहो, मी थट्टा केली!"

"असू दे हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निदान ह्या खेपेला सगळ्यांचं वाचून तरी होईल."

आणि खरोखर, मित्रांनो, महिन्याने त्या पुस्तिकेवर चर्चा झाली! गरम पाण्याचे प्रकरण जरा लांबले आहे, असे डॉक्टरीणबाईंचे मत पडले. सगळे पोट धरून हसले. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी कादंबरी या वेळी पिशवीतून बाहेरच काढली नव्हती. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुझी केक कापायची सुरी आण."

"कशाला?"

"आण तर."

सुरी आली. आत्यांनी पिशवीतून कादंबरी काढली, पहिले प्रकरण संपते तिथे उघडली आणि मधल्या शिवणीवर बोट ठेवले. "इथून काप. पहिलं प्रकरण वेगळं कर. माझा हात नेमका जायचा नाही."

वहिनींनी सुरी मागे घेतली. "आत्या, पुस्तक आहे हो ते!"

"माहीत आहे मला. ह्या टेबलावर तेवढं एकच आहे."

सुरी चालली. शिवणीचा दोरा तटतट तुटला आणि तो आवाज माझ्या स्प्रिंगमधून आरपार गेला. किती वस्तूंची वजने मी केली. पण माझ्यापायी कुणाला चिरले जावे, हे मला पहिल्यांदाच पाहावे लागले. आत्यांनी सुटे झालेले पातळ प्रकरण माझ्यावर ठेवले. काटा थोडासा सरकून थांबला. त्या दिवशीच्या साऱ्या पुस्तकांत ते सर्वांत हलके होते.

"हरकत!" वकीलसाहेब खुर्चीतून उठले. "हे पूर्ण पुस्तक नाही."

"पूर्ण हवं असं नियमात कुठाय?" आत्या म्हणाल्या. "कपडे धुण्याचं चालतं तुम्हाला. आणि खरं सांगा वकीलसाहेब, गेल्या वर्षभरात निम्म्याच्या पुढे कुठलं पुस्तक वाचलंत? मग मी आधीच कापून आणलं तर बिघडलं कुठे?"

वकीलसाहेब खाली बसले. पहिले प्रकरण निवडले गेले.

प्रत एकच, म्हणून ते प्रकरण केकच्या खोक्यात घालून घरोघर फिरू लागले. आणि मग न घडणारे घडू लागले. आठवडा सरायच्या आत डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटातच दार वाजवत आल्या. "वहिनी, तो थोरला भाऊ नदीत उतरला, पुढे काय? दुसरं प्रकरण कापा ना!" वकीलसाहेबांनी एक भाग अडवून ठेवला, तेव्हा मास्तरांनी त्यांना रस्त्यात गाठून सुनावले. शनिवारी कुणी नवे पुस्तक आणीनासे झाले. माझी गरज उरली नाही; तरी सवयीने मला टेबलावर ठेवत आणि सुटे भाग माझ्यावर रचत. आत्या कधी पुढचे वाचून ठेवत नसत. सर्वांबरोबर थांबत, आणि शनिवारी पोटभर बोलत. महिने मात्र थांबत नव्हते.

शेवटच्या भागाची पाळी आली, तेव्हा त्यांनी तो उघडला, डोळ्यांजवळ नेला, भिंग लावले, आणि खाली ठेवला. मग तो वकीलसाहेबांसमोर सरकवला.

"मला आता अक्षर दिसत नाही. तुम्ही वाचा."

"आधी का नाही सांगितलंत, आत्या?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारले.

"तुम्ही काट्याला विचारत होता," आत्या म्हणाल्या. "मला कुठे विचारलंत?"

वकीलसाहेबांनी घसा खाकरला आणि वाचायला घेतले. सुरुवातीला आवाज कोर्टातला होता. पानाअखेरीस तो माणसाचा झाला. घराण्यातली धाकटी सून नदीकडे पाठ फिरवते, त्या ओळीशी आत्यांनी हात वर केला.

"थांबा. मला मध्ये बोलायचंय."

वकीलसाहेबांनी पानावर बोट ठेवले, मान वर केली आणि म्हणाले, "बोला."

आत्या बोलल्या. चहा निवून गेला, बाहेरचा उजेड गेला, तरी त्या बोलत होत्या. चिरलेले सारे भाग केकच्या फितीत बांधून माझ्या ताटलीवर ठेवलेले होते. काटा थेट तळाच्या आकड्यापाशी जाऊन टेकला होता. त्या संध्याकाळी माझ्या तबकडीकडे कुणीही पाहिले नाही.

मित्रांनो, त्या कादंबरीचा कणा आता सांधला जाणार नाही, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. माझ्यासमोर मैदा आणा, लोणी आणा, परगावच्या लेकीचा स्वेटर आणा. मी खरे तेच सांगेन. पण कुणाचे पुस्तक उघडायचा कंटाळा आला असेल, तर तसे स्वतःच्या तोंडाने सांगा. माझ्या काट्यामागे लपू नका.