विहिरीतली मरळ

मोठा पाहुणा यायचा असला की मासेमार धिवराच्या घरी मरळ मासा जिवंत राखून ठेवतात, ही मूल तालुक्यातल्या गावांची जुनी रीत. पण वर्षानुवर्षं मरळ राखणारा येडा एकच, इस्तारी! त्याचा पोरगा, खुशाल नावाचा, अमेरिकेला शिकायला निघाला त्या दिवशी इस्तारीने तलावातली वीतभर मरळ घरच्या विहिरीत सोडली आणि एसटीच्या खिडकीशी ओरडून सांगितलं, "शिकून कायमचा घरी येशील ना, त्याच दिवशी शिजवू तिले!"

शिक्षण दोन वर्षांचं. फी माफ व्हावी म्हणून खुशाल तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत राबायचा, वरखर्चासाठी कॉलेजच्याच खानावळीत भांडी घासायचा. हे कळलं तेव्हा त्याची आई गोकुळा डोळ्याला पदर लावून बसली. इस्तारी हसला. "इथी सोताचं ताट उचललं नाई लेकानं! घासू दे." हसला खरा, पण त्या दिवशी त्यालाही घास उतरला नाही.

शिक्षण संपलं. गोकुळेने अंगण सारवलं. तर खुशालचा निरोप, शिकल्यावर वर्षभर इथं नोकरी करू देतात, तेवढी करून येतो. वर्ष सरलं. मग कंपनीनेच ठेवून घेतलं, आणि तिथं राहायचे कागद होईस्तोवर देश सोडायची सोय नव्हती. इस्तारी रोज संध्याकाळी जाळ्यातले झिंगे विहिरीत टाकत राहिला. उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा तलावावरून कावडीने पाणी आणून ओतलं. गावाने टिंगल केली. करेनात का! लेकाची वाट काय फुकट पाहता येते?

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर खुशाल आला. बॅग ओसरीवर टाकली अन् आधी विहिरीत वाकला. "बाबा, जित्ती हाय! केवढी झाली वो!"

"राहाले आला का पाहाले?" इस्तारीने विचारलं.

खुशालची मान खाली गेली. "तीन हप्त्यांची सुट्टी हाय बाबा. मी जे शिकलो, त्याचं काम तिथीच हाय. इथी कुठी हाय?"

इस्तारीने पोराची बॅग उचलून आत नेली. पोरगा खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

गोकुळेने रोज काही ना काही रांधलं, पण मरळीचं नाव कोणी काढलं नाही. जायच्या दिवशी सकाळी इस्तारी स्वतः विहिरीत उतरला. मरळ त्याच्या हाताच्या सवयीची, झिंग्यांच्या आशेने आपणच वर आली.

दुपारी ताटात रस्सा पडला. पहिल्या घासाला खुशालने डोळे मिटले. "आई, तिथी ही चव सपनात येते वो." मग थबकला. "पण बाबा, तुमी तं म्हनलं होतं, कायमचा आलो का मंगच..."

"म्हनलं होतं." इस्तारीने त्याला आणखी एक तुकडा वाढला. "तू येत नाई, हे आता कळलं मले. मंग त्या मुक्या जीवानं काऊन वाट पाहाची? खाय बाबू, थंडं होऊन राह्यलं."

गोकुळा चुलीकडे तोंड करून रडली. इस्तारीने वरणभात खाल्ला, रश्श्याला हात लावला नाही.

संध्याकाळी पोराला एसटीत बसवून तो परस्पर तलावावर गेला. जाळं झाडलं, ओंजळभर झिंगे घेऊन नेहमीसारखा विहिरीवर आला, आणि काठाशी आल्यावर त्याला आठवलं.

"अवो, काय करून राह्यले तिथी?" आतून गोकुळेने हाक दिली.

"काई नाई," म्हणत त्याने झिंगे तरीही पाण्यात टाकले, आणि तिथंच खाली बसून ढसाढसा रडला.