दोन वह्या आणि एक मोडेम

मी एक जुना मोडेम आहे. हे ऐकून तुमच्यापैकी कोणी लगेच "बंद करून परत चालू करा" म्हणणार असेल, तर मित्रांनो, आधी माझं ऐकून घ्या. मला आजवर इतक्या वेळा बंद करून चालू केलं आहे, की कोणी नुसता माझ्या मागच्या बाजूला हात नेला तरी मला संशय येतो. संशय हा आता माझा स्वभावच झाला आहे. तो कसा झाला आणि त्यात मी किती मोठी चूक केली, ते तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईने मला तपासलं आणि पास झाल्याचा कागद चिकटवला. तपासताना ती माझ्याकडे कमी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे जास्त बघत होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पुढे खोक्यात बसून बरेच दिवस प्रवास केल्यावर मी जर्मनीतल्या ओस्नाब्रुक शहरात, दुसऱ्या मजल्यावर, टेवेस पतिपत्नींच्या घरी आलो.

पत्नीचं नाव गेझीने. ती शहर बससेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या विभागात काम करते. कोणाची छत्री बसमध्ये राहते, कोणाची कवळी, कोणाच्या नातवाची सॅक. ते लोक फोन करतात आणि गेझीने घरच्या टेबलावर बसून, कानाला हेडफोन लावून त्यांना धीर देते. हे सगळे फोन माझ्यातून येतात. तिचा नवरा फोल्कमार सुतार होता. लाकडाच्या भुशाने त्याची छाती कायमची बिघडली. दिवसातून तीनदा त्याला वाफ द्यावी लागते आणि जिना तर त्याला एकट्याने उतरताच येत नाही. म्हणून गेझीनेने हे घरून करायचं काम मागून घेतलं होतं. ती टेबलाशी आणि तो खिडकीजवळच्या खुर्चीत, असे दोघे दिवसभर एकाच खोलीत असायचे.

माझी वायर फोल्कमारने स्वतः ओढली. केबलची जोडणी बैठकीच्या खोलीत होती आणि काम ह्या खोलीत. मधल्या भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाची लेखी परवानगी लागते, आणि घरमालकाशी त्याचं पटत नव्हतं. मग त्याने वायर बैठकीतून बाल्कनीत काढली आणि तिला जोडलेला वायरीचा पट्टीसारखा चपटा तुकडा ह्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीवरून आत घेतला. तो दिवस रविवार होता. रविवारी इथे आवाज करायला बंदी असल्याने हातोडी चालत नाही, पण ह्या कामाला हातोडी लागतच नव्हती, त्यामुळे स्वारी खूश होती. शेवटी त्याने त्या तुकड्यावर पडदा ओढला आणि म्हणाला, "बघ, भोक नाही, धूळ नाही, घरमालकाला पत्ता नाही."

पहिली तीन वर्षं माझे लाड झाले. गेझीनेने माझ्यावर एक लाकडी ससा बसवला होता, फोल्कमारने कोरलेला. वरच्या मजल्यावरच्या पीपनब्रिंकबाई दर शनिवारी केक घेऊन यायच्या आणि माझ्या हिरव्या दिव्यांकडे बघून म्हणायच्या, "फारच शहाणं दिसतंय हे." मित्रांनो, कौतुकाची सवय लागायला वेळ लागत नाही.

चौथ्या हिवाळ्यात माझी लाइन तुटायला लागली. रोज नाही. ठरावीक वेळीही नाही. छान चाललेलं असायचं आणि अचानक माझा दिवा लाल व्हायचा. एखादे आजोबा पलीकडून सांगत असायचे की छत्रीची मूठ बदकाच्या तोंडाची आहे, आणि बदकाशी आल्यावर सगळं गप्प. गेझीने उठायची, मला बंद करायची, डोकं तापलेलं असायचं म्हणून खिडकी उघडून दोन मोठे श्वास घ्यायची, मग मला चालू करायची. आणि मी चालू व्हायचो. "बघ, ह्यातच खोट आहे," ती म्हणायची. ससा माझ्यावरून उठला आणि टेबलावर गेला.

मला फार वाईट वाटलं. मी आतून बाहेरून स्वतःला तपासलं होतं, माझ्यात काही खोट नव्हती. मग ती कोणात होती? मी एकेकावर नजर ठेवायला लागलो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह मला पहिल्यापासूनच आवडत नव्हता. बाल्कनीतली कबुतरं वायरीवर बसून आपसात काहीतरी ठरवतात असं मला वाटे. केबल कंपनीवर तर माझा पूर्ण संशय होता.

कंपनीचा माणूस आला, हार्म्स नावाचा. पाहुणा येणार म्हणून गेझीनेने आधी खोलीत हवा खेळती केली, कारण वाफेच्या औषधाचा वास तिला लोकांसमोर नको असतो. खिडकी पूर्ण उघडी होती. हार्म्सने बैठकीत मोजलं, माझ्याशी मोजलं. सगळं ठणठणीत.

"बाई, लाइन उत्तम आहे," तो म्हणाला. "ह्या दोन्हींच्या मध्ये काय आहे?"

"वायर. दुसरं काय असणार?" फोल्कमार खुर्चीतून म्हणाला. त्याला परवानगीचा विषय निघायला नको होता.

हार्म्स गेला. तो जिना उतरल्यावर फोल्कमार म्हणाला, "वारा लागतोय." त्याने हात लांब करून खिडकी लावली आणि दार घट्ट बसावं म्हणून तिची मूठ पूर्ण फिरवली. पंधरा मिनिटांनी माझा दिवा लाल झाला.

"आला की चालतं, गेला की बंद. हा मुद्दाम करतोय," गेझीने म्हणाली.

"नोकरी टिकवायची असते त्यांना," फोल्कमार म्हणाला. मलाही ते पटलं.

दुसऱ्या वेळी हार्म्सने नवा मोडेम आणला. मी खोक्यात पडून त्याच्याकडे बघत होतो. काळा, चकचकीत, दिवे कमी आणि तोरा जास्त. चौथ्या दिवशी तोही लाल झाला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गेझीनेने त्याची रवानगी खोक्यात केली आणि मला परत लावलं. "जुनाच बरा. निदान ह्याच्या खोडी तरी माहीत आहेत," असं काहीसं ती पुटपुटली, आणि त्याला कौतुक म्हणावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी तिच्या वरिष्ठ, ल्यूडेकेबाई, संगणकाच्या पडद्यावर आल्या.

"टेवेस, लोक आधीच वस्तू हरवून आलेले असतात. त्यात आपण त्यांना मध्येच टाकून देतो," त्या म्हणाल्या. "ह्या महिन्यात तीनदा लाइन गेली तर एक एप्रिलपासून तुम्हाला कार्यालयात बसावं लागेल. माझ्या हातात नाही हे."

कार्यालय म्हणजे जाऊन येऊन दहा तास. तेवढा वेळ फोल्कमारला एकटं ठेवता येणार नव्हतं. त्याला दिवसभरासाठी आजारी माणसांच्या केंद्रात सोडावं लागलं असतं. बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "तिथे पत्ते खेळतात म्हणे. बरं असतं." गेझीनेने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आदल्या वर्षी तिथून आलेलं पत्रक त्याने फाडून टाकलं होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्या दिवसापासून तिने एक वही सुरू केली. लाइन कधी गेली, कधी आली, मिनिटासकट; फेब्रुवारीतल्या वेळाही तिने तुटलेल्या फोनांच्या नोंदींवरून तीत उतरवल्या. अकरा तारखेला एकदा गेली, सोळाला दुसऱ्यांदा. आता आणखी एकदा गेली की संपलं, आणि भीती वाटायला लागली की माणूस शेजाऱ्याकडे बघायला लागतो. पीपनब्रिंकबाईंकडे नुकताच एक मोठा टीव्ही आला होता. गेझीनेने जिन्यातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. "ज्या कोणी सामाईक केबलमधून चोरून जोड घेतली असेल, त्यांनी ती शुक्रवारपर्यंत काढावी. टेवेस, दुसरा मजला." आमच्या वर एकच बिऱ्हाड आहे, त्यामुळे नाव लिहायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत खाली लाल शाईत उत्तर आलं. "माझ्याकडे इंटरनेटच नाही. टीव्ही छपरावरच्या अँटेनाच्या काडीवर चालतो. पीपनब्रिंक." शनिवारचा केक आला नाही. जिन्यात भेट झाली तर दोघी भिंतीकडे बघून जायच्या. मला मात्र त्या लाल शाईचाही संशय आला होता.

तेवीस तारखेला, मंगळवारी काम संपल्यावर, दारावर टकटक झाली. पीपनब्रिंकबाई आत आल्या, पण बसल्या नाहीत.

"टेवेसबाई, ती चिठ्ठी काढा. पोस्टमनसुद्धा वाचून हसतो."

"आणि माझी लाइन?"

"तुमच्या लाइनशी माझा काय संबंध? कधी जाते ती?"

गेझीनेने वही त्यांच्यापुढे टाकली. "वाचा. सगळं लिहिलंय."

बाईंनी चष्मा लावला. वाचता वाचता त्या आपोआप खुर्चीत बसल्या. त्यांनी एकतीस वर्षं ह्याच शहराच्या बसची वेळापत्रकं लावली होती, आकडे दिसले की त्यांचा राग जरा बाजूला राहतो. टेबलावर दुसरी एक वही होती. "ही कसली?"

"माझी. हवेची," फोल्कमार म्हणाला. "भिंतीला बुरशी आली तर घरमालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही. म्हणून मी लिहून ठेवतो. कधी उघडली, कधी लावली. उद्या कोर्टात गेला तरी मी तयार आहे."

बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक बोट ह्या वहीवर, एक त्या वहीवर. बराच वेळ त्यांची बोटं खाली सरकत राहिली.

"अकरा तारीख. नऊ वीसला खिडकी लावली, नऊ एकतीसला लाइन गेली," त्या म्हणाल्या. "सोळा तारीख. दोन दहाला लावली, दोन अठराला गेली. फेब्रुवारीत तेच. प्रत्येक वेळी लावल्यावर जात नाही, पण जाते तेव्हा खिडकी लावल्यावरच जाते." त्यांनी चष्मा काढला. "त्या खिडकीत काय आहे?"

फोल्कमारने स्वतःच पडदा सरकवला. चपटा तुकडा मधोमध चेपून पांढरा पडला होता. रोज तीनदा, चार वर्षं, खिडकीचं दार त्याच्यावर दाबून बसत होतं. मूठ पूर्ण फिरली की आतली तार तुटल्यासारखी व्हायची. खिडकी उघडली की पुन्हा चिकटायची.

मित्रांनो, मी त्या खिडकीच्या अगदी खाली होतो. "वारा लागतोय" मी हजार वेळा ऐकलं होतं, ती मूठ फिरताना बघितली होती. कबुतरांवर माझी नजर होती, हार्म्सवर होती, लाल शाईवर होती. त्या हाताकडे मी कधी संशयाने बघितलंच नाही, कारण तो ससा त्या हाताने कोरला होता.

फोल्कमारने त्या चेपलेल्या जागी बोट ठेवलं. तो म्हणाला, "म्हणजे मीच."

"तुमचं काम वाईट नाही हो," पीपनब्रिंकबाई घाईघाईने म्हणाल्या. "तुकडा स्वस्तातला आहे, एवढंच." मग त्या वर गेल्या आणि उरलेल्या केकचे तीन तुकडे घेऊन आल्या. गेझीनेने जिन्यात जाऊन चिठ्ठी काढली आणि तिच्या जागी दुसरी लावली. तीत एकच ओळ होती. "पीपनब्रिंकबाई, माझं चुकलं. टेवेस."

भोक पाडायची परवानगी मागितल्यावर घरमालक म्हणाला, लेखी कागद गुरुवारी मिळेल. हार्म्सही गुरुवारी चार वाजता येणार होता. मधले दोन दिवस तो तुकडा कोणी हलवायचा नाही आणि कामाच्या वेळात खिडकी लावायची नाही, असं ठरलं. बाहेर अजून गारठा आणि बोचरा वारा होता. गेझीने म्हणाली, "तू बैठकीत बस. तिथे ऊब आहे."

"इथे माझी खुर्ची आहे," फोल्कमार म्हणाला.

दोन दिवस तो लोकरीची टोपी घालून, दोन घोंगड्या घेऊन उघड्या खिडकीशी बसला. बुधवारी सतरा फोन आले, गुरुवारी बावीस. एका बाईची लग्नाची अंगठी हातमोज्यात सापडली आणि ती फोनवर रडली, शेवटपर्यंत रडली, मध्ये काही तुटलं नाही. माझे सगळे दिवे हिरवे होते. गेझीने दर थोड्या वेळाने त्याच्याकडे वळून विचारायची, "गार वाटतंय का?" आणि तो मानेनेच नाही म्हणायचा.

आता भिंतीला नीट भोक आहे आणि त्यातून जाड वायर येते. ससा माझ्यावर परत आला आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात काही बिघडलं, तर शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरातल्या वह्या एकदा शेजारी ठेवून बघा. आणि खोट आपल्याच माणसाच्या हातात निघाली, तर तो हात रागाने झटकू नका.

फोल्कमारची हवेची वही अजून माझ्या शेजारीच असते. तीत त्या गुरुवारच्या पानावर, त्याच्याच अक्षरात, एकच नोंद आहे. "खिडकी सकाळी आठ ते दुपारी चार उघडी. वारा अजिबात नाही."