पलंगाखाली गेलेली वीत

एक होतं तळं. तळ्याकाठी राहायची एक सासू, तिचा मासे धरणारा मुलगा, तोंडाची फटकळ सून, आणि भिंतीला टेकून मी. मी फळी बोलतेय. नीट ऐका, कारण माझ्या अंगावर जे कोरलंय ते कुठल्या कागदावर नाही.

माझा जन्म होडीतला. सासरे माझ्यावर बसून जाळं ओढायचे. सासरे गेले, त्यांची होडी कुजली, मी तेवढी शाबूत राहिले. सासूनं मला घासूनपुसून घरात आणलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकदा पाहिलेलं ती विसरायची नाही.

आमच्या तळ्यात मिशावाला मासा आहे, त्याला सगळे दाढ्या म्हणतात. दर वर्षी थंडी ओसरली की पहिल्या दिवशी सगळ्या होड्यांतला सगळ्यात लांब दाढ्या माझ्यावर आडवा ठेवायचा. नाक माझ्या डाव्या टोकाला, आणि शेपटी संपेल तिथं सासू सुरीनं खाच पाडायची. पुढच्या वर्षीची खाच आधीच्या खाचेखाली.

पहिल्या खाचा पार उजवीकडे होत्या. मग त्या डावीकडे सरकायला लागल्या. म्हातारे म्हणायचे, "मासे रुसलेत." सासू म्हणायची, "रुसायला मोठे तरी होऊ देता का? अंडी घालायच्या दिवसांत लव्हाळ्यात बारीक जाळी टाकता."

मुलाचं लग्न झालं. सासू लेकीच्या बाळंतपणाला गेली, तेव्हाची गोष्ट. "ही फळी येताजाता माझ्या कमरेत बसते," सून म्हणाली. "एक तर ही राहील, नाहीतर माझी कंबर." मुलानं करवत घेतली आणि माझं डावं टोक वीतभर उडवलं.

सासूनं आल्यावर आधी मला पाहिलं, मग करवतीला. चार दिवस ती मुलाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "जेवायला ये." पुढच्या वर्षापासून माशाचं नाक माझ्या कापलेल्या टोकाला लागायला लागलं. सगळ्यांचं चुकलं ते इथं.

वर्षं गेली. जाळं रिकामं यायला लागलं. मुलगा म्हणाला, "होडी विकतो. शहरात रखवालदारी धरतो." सासूनं वल्ही आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

तेवढ्यात एक संशोधक बाई आली. पूर्वी तळ्यात मासे कसे होते, याचा इतिहास ती शोधत होती. मत्स्य कार्यालयात दहा वर्षांपलीकडचा कागद नव्हता. गावकऱ्यांना विचारलं की ते मासा केवढा ते दाखवायला दोन्ही हात फाकवायचे, आणि दुसऱ्या चहाला हात आणखी फाकायचे. मग तिनं मला मोजलं, सासूचं लव्हाळ्याचं म्हणणं ऐकलं, आणि कार्यालयातल्या साहेबांना घरी बोलावलं.

साहेब म्हणाले, "इतक्या वर्षांत मासा चार बोटं आखूड झाला. एवढ्यासाठी लव्हाळ्यातली मासेमारी बंद करायची?"

बाई हळूच म्हणाली, "आजी, मापं तशीच निघतात."

"माप खरं असेल, फळी खोटी पडलीय," सासू म्हणाली. "हिचं वीतभर डोकं कापलंय."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"तो तुकडा मी जाळला असेन, आई," मुलगा म्हणाला.

"जाळला नाहीस. लग्नातला पलंग डुगडुगत होता, तुम्हाला झोप येईना, म्हणून पायाखाली सरकवलास."

"आई, साहेबांसमोर काय हे," सून तोंड फिरवून हसायला लागली.

"हसतेस काय, उचल पलंग."

एक बाजू साहेबांनीही धरली. तुकडा निघाला. माझ्या कापलेल्या कडेला लाकडाची अर्धी गाठ होती, उरलेली अर्धी त्याच्यावर. दोन्ही जुळल्या. कोणत्या खाचेनंतर मला कापलं, ते सासूनं बोट ठेवून दाखवलं. त्याखालच्या सगळ्या खाचा खऱ्यापेक्षा वीतभर उजवीकडे पडल्या होत्या; त्या बाईनं वीतभर डावीकडे घेऊन लाल पेन्सिलीनं आखल्या. चार बोटांची घट एक वीत आणि चार बोटं झाली.

साहेबांनी स्वतःची वीत लावून पाहिली. "अंडी घालायचे दोन महिने लव्हाळं बंद," ते म्हणाले.

ते दोन महिने सासू दर वर्षी काठावर काठी घेऊन बसली. कुणी जाळं आणलं की ती नुसती खाकरायची. होडीचं गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाली, "चार वर्षांनी या."

चौथ्या वर्षी माझ्यावर दाढ्या ठेवला. नाक खिळे ठोकून जोडलेल्या माझ्या जुन्या डोक्याला. शेपटी सगळ्या लाल रेघा ओलांडून लग्नाआधीच्या खाचेला टेकली. सासूनं सुरी सुनेच्या हातात दिली.

गिऱ्हाईकही शब्दाचं पक्कं, आलं. पहिली होडी विकायची सोडून मुलगा काठावर नव्या, दुसऱ्या होडीला डांबर लावत होता.

आता एवढंच सांगणं आहे, तुमच्या घरी असं काही खाचा पाडलेलं असेल तर करवत लांब ठेवा. आमचा पलंग तुकडा काढल्यापासून पुन्हा डुगडुगतो. सून म्हणते, डुगडुगू दे, फळीला हात लावायचा नाही.