मागच्या सीटखालची दोन भोकं

रविवारी सकाळी सरांच्या शेडमध्ये जमणाऱ्या मंडळींपैकी एकाच्याही दारात त्याला हवी असलेली गाडी नव्हती. किंबहुना आत शिरकाव मिळण्याची तीच अट होती. नव्या माणसाने तेलाच्या पालथ्या डब्यावर बसायचं आणि आपली हुकलेली जुनी गाडी कोणती, ती कशी हुकली, ते सांगायचं. बाकीच्यांनी हसायचं नाही. दातांच्या डॉक्टरांची उघड्या टपाची गाडी घरात जुळी मुलं झाल्यामुळे हुकली. बेकरीवाल्याची, मागे माशासारखे पंख असलेली लांबलचक गाडी त्याच्या गल्लीत वळेना म्हणून हुकली. त्याने तिचा एक मागचा लाल दिवा तेवढा मिळवून भट्टीशेजारच्या भिंतीवर ठोकला होता आणि पाव काढून झाले की तो लावायचा. दिवसभर धावल्यावर ब्रेक लावल्याचं समाधान मिळतं, म्हणायचा.

अपवाद फक्त सरांचा. भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या सरांकडे त्यांची गाडी होती. गोल डोळ्यांची, दोन दारांची, पिस्ता रंगाची, दुधी टपाची. आणि मंडळींतल्या एकुलत्या एका बाईची हुकलेली गाडीही नेमकी हीच, याच जातीची.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. लहानपणी समोरच्या घरापुढे अशी एक गाडी उभी असायची. शाळेला उशीर झाला तरी ती त्या गाडीभोवती फेरी मारल्याशिवाय निघायची नाही. पुढे कमावती झाल्यावर तशीच एक विकायला निघाली. तिने शब्द टाकला, आणि त्याच आठवड्यात तिला सकाळी उठल्या उठल्या उलट्या सुरू झाल्या. दवाखाना, बाळंतपण, बाळ. तोवर गाडी तिसऱ्याच्याच दारात जाऊन उभी राहिली. लेकीचं, पिल्लूचं तोंड पाहिलं की तिला त्याचं दुःख व्हायचं नाही. पण गाडीचं चित्र पाहिलं की व्हायचं.

आता सरांचा गुडघा क्लच दाबला की बोंब मारायचा. गाडी शेडमधल्याच कुणाला तरी द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारणार होते, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. त्याचं उत्तरही ठाऊक होतं.

"गाडी मिळाली तर पहिल्यांदा काय बदलशील?" सरांनी डॉक्टरांना विचारलं.

"काहीच नाही, सर."

"तू?"

"काहीच नाही!" बेकरीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला. "आतली धूळसुद्धा तशीच ठेवीन."

"धूळ मी रोज पुसतो," सर म्हणाले आणि तिच्याकडे वळले.

तिच्या कडेवर पिल्लू होती. नवऱ्याची सकाळची पाळी असली की पिल्लू तिच्याबरोबर असायची. पाळीला निघताना नवऱ्याने चिडवलं होतंच, "फक्त काहीच नाही म्हण आणि गाडी घेऊन ये. तुला दोनच शब्द पाठ करायचेत, बयो!" आणि तिने ते वाटेत पाठही केले होते. पण आता तिच्या डोळ्यांसमोर ती मागची गुळगुळीत सीट आली. पट्टा नाही, पट्टा अडकवायला जागा नाही. एक करकचून ब्रेक, आणि पिल्लू कुठे जाईल ते तिला अगदी स्पष्ट दिसलं. असल्या गोष्टी तिला नेहमीच फार स्पष्ट दिसायच्या.

"भोकं पाडीन," ती म्हणाली. "मागच्या सीटखाली दोन. खालून पोलादी पट्टी, वरून बोल्ट, आणि हिच्या खुर्चीसाठी पट्टे."

कुणी तरी शिवी दिल्यासारखे शेडमधले सगळे दचकले.

"मूळ पत्रा आहे तो!" डॉक्टर कळवळले. "कारखान्यातून आला तसा!"

"डॉक्टर, तुम्ही तर रोज भोकं पाडता की."

"किडलेल्याला!"

"सर, खोटं बोलून गाडी नेली असती आणि घरी जाऊन ड्रिल लावलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही भेटायला आला असतात, तेव्हा काय तोंड दाखवलं असतं? पट्ट्याशिवाय मी हिला बसवणार नाही. आणि हिला घरी ठेवून गाडी फिरवायची असेल तर मला नकोच ती."

"मग ती तुझी नाही," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण फळ्यावर उत्तर लिहून खाली रेघ मारावी तसा होता.

"बरं," ती म्हणाली. आपण बरोबर बोललो, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

बाहेर तिची रोजची करडी गाडी उभी होती, जिच्यावर कुणी कधी जीव टाकला नसेल अशी. तिने पिल्लूला खुर्चीत बसवलं, बकल लावलं, ओढून पाहिलं. पुन्हा ओढून पाहिलं. दार लावून पुढे बसली, चावी लावली, आणि उतरून मागे जाऊन तिसऱ्यांदा ओढून पाहिलं. पिल्लूने कंटाळून "झालं!" असं तिच्याच सुरात सांगितलं.

मान वर केली तर शेडच्या दारात सर उभे.

"हे रोज करतेस?"

"रोज. नवरा हसतो."

"माझी बायको हसायची," सर म्हणाले. "हँडब्रेक लावून घरात यायचो, आणि पुन्हा बघायला जायचो. कधी कधी जेवण अर्धं टाकून." त्यांनी मागे शेडकडे पाहिलं. "आत ते दोघं काहीच नाही म्हणाले. काहीच न करणाऱ्याच्या हाती गाडी गंजते गं. तू तेल बघशील."

"रोज."

"पण ड्रिल मी चालवणार. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात नको."

पुढच्या रविवारी अख्खी मंडळी हजर. सीट बाहेर काढून ठेवलेली. सरांनी खडूने रेघ ओढली, कंपास टेकवून मध्य काढला आणि ड्रिल टेकवलं. डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

"थांबा!" ती गाडीखालून ओरडली. हातात टॉर्च होता. "इथून ब्रेकची नळी जाते. दोन बोटं आत घ्या."

"कागदावर बरोबर होतं," सर पुटपुटले आणि दोन बोटं आत सरकले.

पत्रा किंचाळला. बेकरीवाला म्हणाला, "मेलो!" पण झाडू घेऊन पत्र्याचा कीस गोळा करायला पहिला तोच वाकला. दुसऱ्या भोकाला तर डॉक्टरांनी स्वतः दिवा धरला आणि "जरा सरळ धरा, सर, तिरपं गेलात तर घसरेल," असं व्यावसायिक सल्ल्यासारखं सांगितलं.

पट्टे लागले, खुर्ची बसली, पिल्लू बसली. तिने बकल ओढून पाहिलं. सरांनीही ओढून पाहिलं.

"एक अडचण आहे," बेकरीवाला म्हणाला. "हिची गाडी हुकली नाही. नियमाने हिला आता शेडमध्ये शिरता यायचं नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सर हळूच गेले आणि तेलाच्या पालथ्या डब्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"गोल डोळ्यांची," त्यांनी सुरुवात केली. "दोन दारांची. गुडघ्यामुळे हुकली." कुणी हसलं नाही.

ती गाडीत बसली होती. तिने शेजारचं दार आतून उघडलं.

"सर, उठा. क्लच मी दाबते, तुम्ही फक्त चुका काढा. आणि हँडब्रेक तुमच्याच हाताशी येतो."